दादाचे नवे स्पीकर

“बंद करा,” दादा म्हणाला. “कृपा करून बंद करा.”

शिरगावकरांनी पटकन बटण दाबलं. खोली एकदम गप्प झाली. बाणेरच्या त्यांच्या बंगल्यातली ती खोली गाणं ऐकण्यासाठीच मुद्दाम बांधलेली होती. भिंतींना जाड कापड, खाली गालिचा, मधोमध दोन खुर्च्या आणि समोर स्पीकरच्या दोन जोड्या. एक डेन्मार्कची, छातीएवढी उंच, काळी कुळकुळीत. दुसरी इंग्लंडची, बुटकी, रुंद, अक्रोडी रंगाची. सकाळपासून आम्ही या दोन्ही आलटून पालटून ऐकत होतो आणि दादा दोन्हींना नाही म्हणत होता.

“सर, नेमकं काय खटकतंय?” शिरगावकरांनी विचारलं. चाळिशी उलटलेला, हळू बोलणारा माणूस. कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी स्पीकर विकायचा हा उद्योग मांडला होता.

“आवाज फाटतोय. वरचा सूर लागला की पत्र्यावर पत्रा घासल्यासारखं होतं. आणि तंबोरा कुठंय? नुसती घरघर.”

शिरगावकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मला तंबोरा ऐकू येत होता. एकेक तार सुटी ऐकू येत होती. गाणाऱ्या बाईंनी सूर लावायच्या आधी घेतलेला श्वास इतका जवळ वाटला होता की माझ्या अंगावर काटा आला होता. पण दादाला आवडलं नाही म्हणजे मलाच कळलं नसणार, असं मी धरून चालले. मला लहानपणापासून तीच सवय.

माझा दादा म्हणजे अच्युत सबनीस. सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होता. लग्न केलं नाही. माझे यजमान गेले तेव्हा मी माझं सगळं आवरून त्याच्याकडे राहायला आले. मी कुमुद, त्याच्याहून सहा वर्षांनी धाकटी. मला गाणं शिकायला बसवलं ते त्यानंच. स्वतः कधी गायला नाही. म्हणायचा, “गाणारे पुष्कळ आहेत गं, घरात एक तरी ऐकणारा पाहिजे.” आणि ऐकायचाही तसा. नुसत्या पहिल्या आलापावरून गाणारा कोण, तरुणपणातलं गाणं की उतारवयातलं, त्या दिवशी घसा बसलेला होता का, एवढं सांगायचा.

दर रविवारी सकाळी आमच्याकडे माणसं जमायची. मगदूम वकील, तबल्याचे मास्तर हमीदभाई मुजावर, आणखी दोघं-चौघं. पोहे आणि चहा व्हायचा, मग रेकॉर्ड लागायची. लागली की सगळे आधी दादाच्या तोंडाकडे बघत. दादाची मान हलली की मग बाकीच्यांची “वा” निघायची. मगदूम वकील आता नाहीत, हमीदभाईही गेल्या वर्षी गेले, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आम्ही स्पीकर बघायला पुण्याला गेलो त्याआधीच्या श्रावणात एके सकाळी दादाच्या डाव्या हातातून कप निसटला. तोंड जरा वाकडं झालं. मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा सौम्य झटका आहे, वेळेवर आणलंत. खरंच, दसऱ्यापर्यंत हात सुधारला, चालणं सुधारलं. बोलण्यात तर कधी अडखळलाच नाही. मी देवाला पेढे ठेवले.

पुढे जरा बरं वाटल्यावर त्यानं पहिल्यांदा रेकॉर्ड लावली. मी स्वयंपाकघरात होते. दोन मिनिटांत त्यानं ती बंद केली आणि दारात येऊन म्हणाला, “स्पीकर गेले वाटतं.”

स्पीकर जुनेच होते. त्यानं दुरुस्त करून आणले. मग अॅम्प्लिफायर बदलला, वायरी बदलल्या. तरी तेच. मी एकदा म्हटलं, “दादा, मला तर पहिल्यासारखेच वाटताहेत.” तो माझ्यावर ओरडला, “तुला काय कळतंय त्यातलं!” उभ्या आयुष्यात तो मला असं बोलला नव्हता. रविवार बंद पडले. बाजारात हमीदभाई भेटले की विचारायचे, “ताई, स्पीकर आले का? रविवार खायला उठतो.” मी म्हणायची, बघतोय, बघतोय. शेवटी दादानं कुठून कुठून चौकशी करून पुण्याच्या शिरगावकरांचं नाव काढलं आणि आम्ही गाडी ठरवून निघालो.

दुपारी शिरगावकरांनी आम्हांला त्यांच्याकडेच जेवायला बसवलं. दादा आमटी-भात चिवडत राहिला. जेवण झाल्यावर आम्ही दोघं मागच्या व्हरांड्यात बसलो.

“कुमे, खरं सांग. तुला कशी वाटली ती इंग्लंडची?”

“मला आवडली.”

“काय आवडलं?”

“बाई इथे समोर बसून गाताहेत असं वाटलं.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस.”

“नाही रे. खरंच.”

“मग ही खोलीच वाईट असेल,” तो म्हणाला. मग म्हणाला, “आता याच्यापुढे कुठे जायचं? याच्यापेक्षा चांगलं आपल्याला कुठे मिळणार?”

त्याचा आवाज इतका खचलेला होता की मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं तो काढून घेतला नाही, पण त्याचं लक्षही नव्हतं.

आम्ही आत गेलो तेव्हा शिरगावकर एका स्टँडवर मायक्रोफोन बसवत होते. “सर, मला एक सुचलंय,” ते म्हणाले. “रेकॉर्डिंग मुळात कसं झालं होतं हे तुम्हांलाही माहीत नाही, मलाही नाही. मग दोष स्पीकरचा की रेकॉर्डचा, हे कळायचं कसं? त्यापेक्षा तुमच्या चांगल्या ओळखीचा एखादा आवाज इथेच समोर ऐका. मी तो घेतो. मग तोच दोन्ही स्पीकरवर लावतो. जो मूळ आवाजाच्या जवळ जाईल तो खरा.”

दादा एकदम सरळ बसला. “हे आधी का नाही सुचलं? कुमे, तू गा.”

“मी? वेडा आहेस का? किती वर्षं झाली मला गाऊन.”

“असू दे. तुझा आवाज मला तोंडपाठ आहे. तू फक्त भूप म्हण. नुसता आकार. शब्द नकोत.”

त्या झटक्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर इतका हुरूप मी पहिल्यांदाच बघत होते. लाजत लाजत मी मायक्रोफोनसमोर उभी राहिले. शिरगावकर कोपऱ्यातल्या यंत्रापाशी, आमच्याकडे पाठ करून बसले. दादा माझ्यापासून हाताच्या अंतरावर.

मी डोळे मिटले आणि षड्ज लावला. घसा गंजलेला होता, पण लागला. मग रिषभाला हात लावून गंधारावर आले आणि तिथं थांबले. वाईट नव्हतं. लहानपणी दादा पुढ्यात बसून हाच गंधार माझ्याकडून पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचा, ते आठवलं. मला गाताना बरं वाटायला लागलं. पंचमापर्यंत गेले, धैवत घेतला, खाली आले.

डोळे उघडले तर दादा खुर्चीतून अर्धवट उठला होता. खुर्चीचा हात त्यानं घट्ट धरला होता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. रस्त्यात एखादं माणूस गाडीखाली येताना बघावं तसा. मी गायची थांबले.

“झालं?” शिरगावकर पाठमोरेच म्हणाले. “सुंदर, ताई. आता ऐकू या.”

दादा खाली बसला. आधी काळ्या स्पीकरवर माझा आवाज लागला, मग अक्रोडी स्पीकरवर. मी दादाकडे बघत होते. तो गुडघ्यांवर हात ठेवून, गालिच्याकडे बघत, हललाही नाही. या वेळी बंद करा म्हणाला नाही.

“काय सर?”

“ही,” दादानं अक्रोडी जोडीकडे बोट केलं. “ही घेऊ या. हुबेहूब आहे.”

शिरगावकरांचा चेहरा खुलला. “बघा! मी सकाळपासून म्हणत होतो.”

“तुम्हांला फार त्रास दिला,” दादा म्हणाला. “माफ करा.” मग उभा राहून त्यांच्याशी हात मिळवला, त्यांच्या खोलीचं कौतुक केलं, सांगलीला कधी पाठवाल ते विचारलं. त्याचं सगळं बोलणं व्यवस्थित होतं. मी मात्र गोंधळून उभी होते. आवडलं तर मघाशी तसा का बघत होता?

परतीच्या वाटेवर तो खिडकीबाहेर बघत बसला. मी दोनदा बोलायला गेले, त्यानं नुसतं हूं केलं. खंबाटकीचा घाट उतरून पुढे गेल्यावर ड्रायव्हरनं चहासाठी गाडी थांबवली. ऊन कलत आलं होतं. ड्रायव्हर हॉटेलात गेला आणि आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो.

“कुमे, तू भूपच गात होतीस ना?”

“हो. तूच तर सांगितलंस.”

“मुद्दाम वाकडं नाही ना गायलीस? माझी गंमत करायला?”

“असं कसं करीन?”

त्यानं मान हलवली. चहाचा ग्लास बाकावर ठेवला.

“स्पीकर चांगलेच आहेत,” तो म्हणाला. “आपले जुनेही चांगले होते. माझंच गेलंय.”

मला कळेना. “काय गेलंय? तुला ऐकू तर येतंय सगळं. आत्ता बोलतोय ना आपण?”

“बोलणं येतं. तू बोललेलं सगळं कळतं. तू गायला लागलीस आणि...” तो थांबला. “तुझं तोंड हलत होतं. त्यातून कुणीतरी पत्र्यावर खिळा ओढावा असा आवाज येत होता. मला वाटलं तू किंचाळतेयस. मध्ये तू श्वास घेतलास ना, तेवढाच तुझा होता.”

रस्त्यावरून ट्रक जात होते.

“त्या झटक्यात गेलं असणार,” तो म्हणाला. “मी चार महिने वायरी बदलत बसलो.”

“मग तू ती जोडी का घेतलीस?”

“त्या माणसाला काय सांगायचं होतं? की मला सूर कळत नाही?” तो माझ्याकडे वळला. “कुणालाच सांगायचं नाही. मगदूमांना नाही, हमीदभाईंना तर नाहीच. शपथ घे.”

मी शपथ घेतली.

मिरजेच्या डॉक्टरांना मात्र सांगावंच लागलं. त्यांनी पुन्हा तपासण्या केल्या, पुण्यातल्या कुणाला तरी फोन केला आणि आम्हांला समोर बसवून समजावलं. मेंदूत बोलणं कळण्याची जागा एक आणि सूर कळण्याची दुसरी. दादाची दुसरी जागा मेली होती. असं क्वचित होतं, म्हणाले.

“परत येईल?” दादानं विचारलं.

“काही जणांचं थोडंफार येतं.”

“माझं?”

डॉक्टरांनी कागद पुन्हा चाळले. “सबनीस साहेब, हात वाचला, वाचा वाचली. त्याच्या मानानं हे...”

“हो, हो,” दादा म्हणाला आणि उठला.

स्पीकर आले. शिरगावकर स्वतः येऊन लावून गेले. बातमी कशी पसरली कोण जाणे, संध्याकाळीच मगदूम वकिलांचा फोन आला, येत्या रविवारी येतो म्हणून. मी म्हटलं, “दादा, नाही म्हणून सांगू का?” तो म्हणाला, “काय कारण देणार? येऊ दे.” मग बराच वेळ विचार करून म्हणाला, “तू माझ्यासमोर बस. दाद देण्यासारखी जागा आली की पदर सारखा कर. मी तुझ्याकडे बघून मान हलवीन.”

आणि आम्ही तसं केलं. हमीदभाईंनी तबल्याचा पहिला ठेका ऐकला आणि दोन्ही कान पकडले. “अच्युतराव, हे काय आणलंत! बोट चामड्यावर कुठे पडतंय ते दिसतंय!” मी पदर सारखा केला. दादानं मान हलवली, “वा.” त्याबरोबर सगळे “वा” म्हणाले. एका तानेला मगदूम वकील म्हणाले, “पुन्हा एकदा लावू या, अच्युतराव, ही जागा पुन्हा पाहिजे.” दादा म्हणाला, “लावा ना.” त्यानं स्वतः उठून सुई मागे घेतली. दोन तास तो तसाच बसला. सगळे गेल्यावर न्हाणीघरात जाऊन त्यानं सकाळचे पोहे ओकून टाकले.

असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. शनिवारपासूनच त्याचा चेहरा उतरायचा. मी म्हणायची, पुरे आता. तो म्हणायचा, “माणसं माझ्याकडे कशासाठी येतात, कुमे? पोह्यांसाठी?”

मग एका रविवारी हमीदभाईंनी कुणाकडून तरी मिळवलेली एक जुनी खाजगी मैफल आणली. मारवा होता. इतका सुंदर मारवा मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. हळूहळू माझे डोळे मिटले. पदर, दादा, सगळं विसरले. त्या गवयानं कोमल रिषभावर जाऊन असं काही केलं की मला रडूच आलं. डोळे उघडले तेव्हा सगळे “वा, वा” म्हणत होते आणि दादा माझ्याकडे बघत होता. मी घाईनं पदराला हात लावला. त्यानं मान हलवली नाही. नुसता बघत राहिला.

सगळे गेल्यावर तो माझ्यासमोर येऊन बसला.

“काय होतं ते?”

“चांगलं होतं.”

“तेवढ्यानं तू रडत नाहीस. नीट सांग.”

मी सांगायला लागले. “रिषभ होता. मारव्याचाच, पण नेहमीसारखा नाही. खालून आला, आणि षड्जावर येतोय येतोय असं वाटत असताना आलाच नाही.”

“म्हणजे किती चढा?”

“चढा नाही. म्हणजे... जरासा लोंबकळत ठेवलेला.”

“हलवत होता की स्थिर?”

“स्थिर. पण आतून हलत असल्यासारखा. कसं सांगू, दादा? असा...”

आणि सांगता सांगता मी तो लावून दाखवला. मला वेगळं काही सुचलंच नाही. दादाचं अंग आक्रसलं, त्याचे दोन्ही हात कानांवर गेले. मी तोंडावर हात दाबला. त्यानं हळूहळू हात खाली घेतले.

“राहू दे,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी तो माझ्याशी फार मऊपणानं बोलला. म्हणाला, “कुमे, मला आता हे जमणार नाही. पण त्यांना काय सांगायचं ते माझ्यानं ठरत नाही. तुझं नाव पुढे केलं तर चालेल का? तुझं डोकं दुखतं, तुला आवाज सोसत नाही, असं सांगू?”

मी म्हटलं, “सांग.”

त्यानं दुसऱ्या दिवशी दोघांना फोन करून सांगितलं. मी तिथेच भाजी निवडत होते. “काय करणार, तिचं डोकं उठतं,” असं तो म्हणत होता. पलीकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. स्पीकर त्यानं हमीदभाईंच्या क्लासला देऊन टाकले. ते न्यायला हमीदभाई टेम्पो घेऊन आले तेव्हा माझ्याशी फारसं बोलले नाहीत. मगदूमांच्या बायकोनं पुढे हळदीकुंकवाला बोलावलं, पण पूर्वीसारखं थांबवून घेतलं नाही.

दादा त्यानंतर सहा वर्षं जगला. वर्तमानपत्र वाचायचा, बुद्धिबळाचे डाव एकटाच मांडायचा. गल्लीत लग्नाची वरात आली की खिडक्या लावून घ्यायचा. मी घरात कधी गुणगुणले नाही. एकदाही त्यानं गाण्याचा विषय काढला नाही, आणि मीही नाही.

तो गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी हमीदभाई भेटायला आले. खूप थकले होते, नातू हात धरून होता. बराच वेळ दादाच्या फोटोकडे बघत बसले. म्हणाले, “असा कान पुन्हा होणार नाही.” मग डोळे पुसले, माझ्याकडे वळले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं दुःख होतं.

“ताई, एक बोलू? राग मानू नका. शेवटची इतकी वर्षं त्या माणसाला गाण्यावाचून काढावी लागली. तुम्ही थोडं सोसायला हवं होतं.”

मी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

“हो, हमीदभाई,” मी म्हटलं. “चुकलंच माझं.”